स्क्रीनवरचं गाव

रामटेके बाबूजींना एखादी फाइल कुठे आहे असं विचारलं, की ते रस्ता सांगायचे.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शाळेच्या कार्यालयात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. शाळा अड्याळच्या पुढच्या एका मोठ्या गावात होती आणि मी भंडाऱ्याहून एसटीने जात-येत असे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा जुळवून पाहायची सवय होती, आणि ते जुळेपर्यंत बहुतेक वेळा समोरचं माणूस निघून गेलेलं असायचं. कार्यालयात कॉम्प्युटर एकच होता. त्याच्यासमोर शाळेचे वरिष्ठ लिपिक, सुदाम रामटेके, बसलेले होते. सगळी शाळा त्यांना बाबूजी म्हणायची.

"सर, शिष्यवृत्तीची फाइल कुठे आहे?" मी विचारलं.

"बोडीच्या पाळीवर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बोडी नाही समजली काय, म्याडम? लहान तलाव असते नं, धानाले पाणी द्यायचा, ते बोडी. अन् पाळ म्हणजे तिचा बांध. या, इकडे बसा. चपला काढा पहिले."

मी चपला काढल्या. त्यांच्या स्वतःच्या चपला भिंतीशी नीट जोडीने ठेवलेल्या होत्या. पूर्वी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जाऊ देत नसत, धुळीने मशीन बिघडतं म्हणून. तो नियम सगळीकडून केव्हाच गेला होता. बाबूजींकडे राहिला होता.

स्क्रीनवर जुनं विंडोज होतं. बाहेर बहुतेकांनी ते सोडून दिलं होतं, आमच्या शाळेत अजून चालू होतं. त्याच्यासोबत येणारं ते चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. वर निळं आकाश, पांढरे ढग, खाली हिरवा उतार. पण त्या हिरव्यावर फोल्डरांचे पिवळे चौकोन असे विखुरले होते, की मला वाटलं मशीनमध्ये व्हायरस शिरलाय. कुठे तीन एकमेकांना चिकटून, कुठे मोठी मोकळी जागा, उजव्या कोपऱ्यात एकच एकटा.

"हे वरतं निळं आहे नं, हे वैनगंगा," बाबूजी म्हणाले. "अन् खालचं हिरवं, हे आमचं गाव."

"ते आकाश आहे ना, सर?" हे मात्र माझ्या तोंडून पटकन गेलं.

"आकाश कसं दिसन? आपण वरून पाहून राहिलो नं. वरून पाहिलं तं नदीच दिसते."

"आणि ढग?"

"पुराचा फेस."

मग त्यांनी माउसवर माझा हात ठेवायला लावला आणि रस्ता सांगितला. घाटावरून खाली या. डाव्या हाताले चक्की, ते सोडा. बुद्धविहाराच्या मागून जा. सावकाश, वाटेत गोटे आहेत. आता हे दिसून राहिली नं, हे बोडीची पाळ. टकटक करा. दोनदा करा, एकदा केल्यानं कोणी उठत नाही.

मी दोनदा टकटक केलं. शिष्यवृत्तीची फाइल उघडली.

त्यांच्या गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तेच नाव आता नव्या गावठाणाला दिलंय, आणि वाचणाऱ्याला वाटेल की ते गाव अजून आहे. ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं आधी उठली, पाणी नंतर आलं. ज्या काळात गाव उठत होतं, त्याच काळात शाळेत कॉम्प्युटर आला आणि सगळ्या बाबू लोकांना सरकारी कोर्स सक्तीचा झाला. बाबूजी तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ठेवलेली फाइल सापडेना. शिकवणारा त्यांना म्हणाला होता, "काका, तुम्हाले जिथे याद राहीन तिथे ठेवा." बाबूजींनी ते शब्दशः घेतलं. त्यांना जिथलं याद होतं, तिथे त्यांनी ठेवलं.

दहावीचे निकाल विहारात होते, कारण गावात निकाल लागला की पोरं पहिले तिथेच जमायची. पोषण आहाराचे कागद चक्कीत. शाळा सोडल्याचे दाखले घाटावर. पगारबिलं त्यांच्या स्वतःच्या घरी. "पगार घेऊन सिद्धा घरी नाही गेलो तं आमची बाई जेवाले देत नव्हती," असं ते सांगायचे. त्यांची बायको मी रुजू होण्याआधीच वारली होती, पण तिच्याबद्दल ते अशाच तक्रारीच्या सुरात बोलत. कचरापेटीचं चित्र त्यांनी गावाबाहेर, मसणवटीच्या जागी नेऊन ठेवलं होतं आणि ती पेटी कधीच रिकामी केलेली नव्हती. मशीन हळू चालतं म्हणून मी एकदा तसं सुचवलं. ते म्हणाले, "मसण कोणी रिकामं करते काय, बेटा?"

म्याडमची बेटा मी केव्हा झाले, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

शाळेत त्यांची चेष्टा होत असे. विज्ञानाचे बोरकर सर कार्यालयात डोकावून विचारायचे, "का जी बाबूजी, आज चक्कीवर गर्दी आहे काय?" बाबूजी शांतपणे स्क्रीनकडे बघून म्हणायचे, "तुमचं दळण झालं नाही अजून, सर. उद्या या." आणि खरोखरच सरांचं काम दुसऱ्या दिवशी व्हायचं.

याच बोरकर सरांनी एकदा तो प्रकार केला. बाबूजी पंचायत समितीत गेले होते. सरांना कुठलासा निकाल हवा होता, तो सापडेना. वैतागून त्यांनी स्क्रीनवर उजवी क्लिक केली आणि सगळं ओळीने लावण्याचा 'ऑटो अरेंज' पर्याय दाबला. एका क्षणात सगळे पिवळे चौकोन डावीकडे जाऊन नावाप्रमाणे उभे राहिले, प्रार्थनेच्या वेळी मुलं उभी राहतात तसे. "पाहा, केलं साफ," सर मला म्हणाले. "उकिरडा करून ठेवला होता बुढ्यानं."

बाबूजी दुपारी आले. चपला काढल्या, बसले. बराच वेळ स्क्रीन बघत राहिले. मग शिपाई शेवंताबाईंना म्हणाले, "बोरकर सरांले बोलवा जरा."

सर आले, थोडे हसत.

"सर, तुमच्या बाईले उचलून मी शेजारच्याच्या घरी नेऊन ठेवलं, अन् म्हटलं साफसफाई केली, तं चालन काय तुम्हाले?"

शेवंताबाई पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. सरांचा चेहरा पडला. "कॉम्प्युटर शाळेचा आहे, बाबूजी," ते म्हणाले. "तुमच्या बापजाद्याचं गाव नाही तो."

"शाळेचाच आहे," बाबूजी म्हणाले. "गाव तं सरकारचं होतं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. डबा टेबलावर तसाच, आणि ते एकेक चौकोन धरून हिरव्यावर नेऊन ठेवत होते. ठेवताना पुटपुटत. मी माझ्या कामात डोकं घालून ऐकत होते. "हे कुंभाराचं. याच्या मांगं चिंच. चिंचेच्या सावलीत हे." शाळा सुटायच्या आत सारं गाव पुन्हा जागच्या जागी होतं. मग त्यांनी डबा उघडला, अर्धी भाकर मला दिली आणि एवढंच म्हणाले, "अजून याद आहे."

'अजून' या शब्दावर त्यांनी जोर दिला होता. तो का, ते मला पुढे काही दिवसांनी समजलं. जेवणाच्या सुटीत आम्ही दोघंच होतो. माझं वाक्य तोवर जुळलं होतं, म्हणून मी विचारलं, "बाबूजी, हे सगळं कागदावर का काढून ठेवत नाही?"

"काढलं होतं. कागदावर ते मेल्यावानी दिसते. इथं मी रोज जातो नं. कोणाच्या घरून काही आणतो, कोणाच्या घरी काही ठेवतो. येणंजाणं आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "खरं सांगू काय? मले आता घरं आठवत नाही, बेटा. दिवाळीच्या सुटीवरून आलो नं, तं एक घर काही केल्या आठवेच ना. रात्रंदिवस विचार केला. मंग इथं येऊन मशीन लावली, तवा दिसलं. हे आहे तोवर गाव आहे माझ्याजवळ. हे गेलं तं गेलं."

हे ते रडवेल्या आवाजात बोलले नाहीत. बिल पास झालं नाही असं सांगावं, तसं सांगितलं.

त्या वर्षी त्यांच्या बायकोच्या पुण्यस्मरणाला मी शेवंताबाईंसोबत त्यांच्या घरी गेले. नवं गावठाण मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. रस्ते सरळ, पट्टीने आखल्यासारखे. घरं एकसारख्या अंतरावर, दारांवर प्लॉटचे नंबर. कुठल्याही वळणावर उभं राहिलं तरी आपण मघाच्याच वळणावर आहोत असं वाटायचं. बाबूजी आम्हाला घ्यायला रस्त्यावर आले होते, आणि बोलत बोलत आमच्यासोबत एका भलत्याच फाटकात शिरले. आतून एक बाई म्हणाली, "हे आमचं घर आहे जी, भाऊ." बाबूजी हसले, "हो जी, हो जी," म्हणत मागे फिरले. इतकी वर्षं झाली होती तिथे राहून.

"चिठ्ठ्या काढल्या होत्या प्लॉटच्या," ते मला सांगू लागले. "ज्याले जो नंबर निंगला, तो त्याचा. भाऊ एकीकडे, भाऊ एकीकडे. भांडणारे शेजारी होते, तेही गेले. आता कोणासंग भांडावं?" मग म्हणाले, "बोरकर सरांनं केलं नं त्या दिवशी, तसंच. ऑटो अरेंज."

त्या भांडणाऱ्या शेजारणीची भेट तिथेच झाली. गोमाबाई. जुन्या गावात तिच्या आणि बाबूजींच्या घराची भिंत एकच होती. आता ती गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. कंबरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. वंदना झाली, जेवणं झाली, आणि ती बाबूजींना म्हणाली, "सुदाम, भाजीत मीठ कमी आहे. तुही बायको असती तं अशी भाजी झाली नसती."

"तुम्ही तिले जिंदगीभर उलटं बोलल्या, गोमाबाई. म्हणे मीठ जास्त टाकते."

"मंग? शेजारीण होती माही. का चांगलं बोलू?"

दोघंही हसले. त्या दिवशी मला बाबूजी हसताना जितके दिसले, तितके नंतर कधी दिसले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुटीत कंत्राटी माणसांना घरी बसवतात. मी भंडाऱ्याला होते. बाबूजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला लेकीकडे गेले होते. सगळी कामं आता ऑनलाइन झाली होती आणि नवीन पोर्टल त्या जुन्या विंडोजवर उघडतच नव्हतं. मुख्याध्यापकांनी जुनं मशीन देऊन नवं घेतलं. यात चुकीचं काहीच नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. नागपूरहून आलेल्या माणसाने फाइली नीट उतरवून नव्या मशीनमध्ये भरल्या. एकही फाइल हरवली नाही. तो प्रामाणिक होता, कचरापेटीत काय होतं तेसुद्धा त्याने एका फोल्डरात घालून दिलं. फक्त कुठली फाइल स्क्रीनवर कुठे होती, हे कोणी उतरवत नाही. स्क्रीनचा फोटो एका बटणात निघतो. पण रोज समोर असलेल्या गोष्टीचा फोटो कोण काढून ठेवतं.

शाळा उघडली त्या दिवशी बाबूजी डोळ्यावर काळा चष्मा लावून आले. टेबलावर नव्या मशीनचा पडदा पाहिला. जुन्यापेक्षा पातळ आणि खूप रुंद. चपला काढल्या, बसले, बटण दाबलं.

नव्या विंडोजचं चित्र उजळलं. काळपट निळा रंग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मधोमध खिडकीतून यावा तसा थोडा उजेड. डाव्या कडेला एका ओळीत फोल्डर. बाबूजींनी काळा चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा पाहिलं.

"याच्यात तं सारं पाणीच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी डावीकडच्या ओळीवर बोट ठेवलं.

"अन् हे सारे एका कोपऱ्यात काहून उभे आहेत?"

"फाइली सगळ्या आहेत, बाबूजी. एकही गेली नाही. फक्त ओळीने लागल्यात."

"हो," ते म्हणाले. "माणसं सारीच वाचली होती तवाही."

दुसऱ्या दिवशी मी ते जुनं हिरवं-निळं चित्र इंटरनेटवर शोधून त्यांच्या स्क्रीनवर लावून दिलं. त्यांचा चेहरा खुलला. लगेच त्यांनी चौकोन धरायला सुरुवात केली. घाट ठेवला, विहार ठेवला, चक्की ठेवली. आणि थांबले. नवा पडदा जुन्यापेक्षा रुंद होता, चित्र आडवं ताणलं गेलं होतं. "नदी फुगली," ते म्हणाले. बोडी आणि विहार यांच्यात आता एवढी जागा पडत होती, की तिथे आणखी दोन-चार घरं मावली असती. मग मधे कोणी राहत होतं का? होतं, तर कोण? त्यांनी बोडी जवळ आणली. मग चिंच कुठे बसवायची, ते कळेना.

काही दिवस ते काम करत राहिले. सकाळी थोडं, जेवणाच्या सुटीत थोडं. रोज एखादं घर हलायचं. एक दिवस मी पाहिलं, एक फोल्डर त्यांनी नदीत ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत बसले होते. ऑपरेशनमुळे नजर आता स्वच्छ झाली होती. "आता बारीक अक्षरही दिसते," ते म्हणाले, "पण घर दिसत नाही."

शेवटी त्यांनी गोमाबाईला शाळेत आणायचं ठरवलं. कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून ती आली. पोतं धरावं तशी दोन्ही हातांनी त्या चालवणाऱ्याला धरून. कार्यालयाच्या दारात बाबूजींनी तिला चपला काढायला लावल्या. "काहून, पूजा आहे काय?" असं म्हणत तिने काढल्या. मी माझी खुर्ची तिला दिली आणि कपाटाशी उभी राहिले.

आधी तिला काहीच समजलं नाही. मग बाबूजींनी निळं दाखवलं, नदी म्हणाले. हिरवं दाखवलं. तिने मान पुढे केली.

"मंग माहं घर कुठी?"

"तेच सांगा नं तुम्ही. हे माहं घर. तुमचं याच्या डाव्या हाताले ना?"

"डाव्या हाताले कसं? तुह्या दारातून बाहेर निंगलं तं मी उजव्या हाताले पडत होती. सूर्य माह्या अंगणात पहिले येत होता."

बाबूजींनी चौकोन हलवला. "अन् मंग कडुनिंब इथं. माह्या घरापुढं."

"तुह्या घरापुढं कडुनिंब नव्हता, सुदाम."

"नव्हता कसा? त्याच्याखाली खाट टाकून निजत होतो मी."

"निजत होता. पण तो कडुनिंब माहा होता. माह्या अंगणातला. तुह्या बायकोचं अन् माहं भांडण कायचं होतं मंग? तिच्या अंगणात पाला पडे म्हणून तं ती मले बोले. तिचा असता तं कायले बोलली असती?"

माउसवरचा बाबूजींचा हात तसाच होता.

"बरोबर आहे," शेवटी ते हळूच म्हणाले. "पाल्यावरूनच भांडण होतं."

"मंग?"

"मले वाटे, कडुनिंब आमचाच."

गोमाबाईचा आवाज एकदम खाली आला. असा आवाज तिचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "असन बापा, तुमचाच असन," ती म्हणाली. "मीही आता बुढी झाली. मलेही कुठी सारं याद आहे? तुह्याच घरापुढं ठेव. आता कोण पाला झाडून राहिलं?"

ती खोटं बोलत होती, हे बाबूजींना कळलं आणि त्यांना कळलं हे तिलाही कळलं. तिने गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. बाबूजी तिला मोटरसायकलपर्यंत सोडून आले. परत येऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटा, हे ओळीनं लावून दे."

"कसं, बाबूजी?"

"नावानं. बोरकर सरांनं लावलं होतं तसं."

मी उजवी क्लिक केली. सगळे पिवळे चौकोन डावीकडे जाऊन उभे राहिले. हिरवं रिकामं झालं. बाबूजींनी खालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. "अन् हे काय असते? शोधायचं?"

मी त्यांना शोध कसा घ्यायचा ते शिकवलं. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की पुरतं. ते एका दुपारीत शिकले.

मला इथे लिहायला सोपं गेलं असतं, की बाबूजींना नवं विंडोज जमलं नाही. तसं झालं नाही. त्यांना ते फार चांगलं जमलं. महिन्याभरात ते माझ्यापेक्षा पटपट पोर्टल चालवू लागले. तालुक्यातल्या इतर शाळांचे बाबू फोन करून त्यांना विचारू लागले, अमुक कुठे दाबायचं, तमुक कसं चढवायचं, आणि बाबूजी न चिडता सांगायचे. मुख्याध्यापकांनी सभेत त्यांचं कौतुक केलं. बोरकर सरांनीही मोकळ्या मनाने टाळ्या वाजवल्या. एकदा सर सवयीने दारातून म्हणाले, "का जी, चक्कीवर गर्दी आहे काय?" बाबूजींनी वर पाहिलं. "काय पाहिजे, सर? पोषण आहार? थांबा, काढून देतो." सरांना हातोहात कागद मिळाला. ते तो घेऊन क्षणभर तिथेच उभे राहिले, कामाचा कागद लगेच मिळाल्याचं दुःख झाल्यासारखे.

रस्ता सांगणं बंद झालं. टकटक हा शब्द गेला. चपला पायातच राहू लागल्या. स्क्रीनवरचं हिरवं चित्रही एका अपडेटनंतर आपोआप बदललं. रोज नवं काही दिसू लागलं, कधी परदेशातला समुद्रकिनारा, कधी बर्फाचा डोंगर. मी विचारलं, "जुनं परत लावू का?" ते म्हणाले, "राहू दे. कायलेही चालते."

माझं कंत्राट संपत आलं तेव्हाची गोष्ट. दाखल्यांचे दिवस होते. खिडकीशी एक माणूस आला. उन्हाने रापलेला, खांद्यावर दुपट्टा, माझ्या वडिलांच्या वयाचा. त्याला मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. बाबूजींना बघून त्याचा चेहरा उजळला.

"नमस्कार, बाबूजी. जय भीम. ओळखलं काय जी?"

"जय भीम. पोराचं नाव सांगा."

"अजी, मी. आपल्या गावचा. कवठाच्या झाडाजवळचा. तुम्ही आमच्या घरी येत होते नं रेडिओ ऐकाले, माह्या बापासंग."

बाबूजींनी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मी त्यांचा चेहरा बाजूने बघत होते. त्यांच्या कपाळावर आठी आली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. कुठल्या तरी वाटेने ते निघाले होते, आणि वाट मधेच संपली असावी.

"हो, हो," ते म्हणाले. "असन. पोराचं नाव?"

माणसाने नाव सांगितलं, आता थोड्या हळू आवाजात. बाबूजींनी तीन अक्षरं टाइप केली. नाव लगेच आलं. प्रिंटर चालला. दाखल्यावर शिक्का मारून त्यांनी तो खिडकीतून दिला. "नाव, जन्मतारीख, सारं पाहून घ्या. मागून बदल होत नाही."

तो माणूस कागद न वाचताच घडी करू लागला. आणखी काही बोलावं म्हणून थांबला, पण मागे रांग होती. नमस्कार करून तो मैदानातून फाटकाकडे चालू लागला.

तेवढ्यात बाबूजींना टेबलावर त्याच्या मुलाची मूळ गुणपत्रिका दिसली. ती द्यायची राहिली होती. ते ती तशीच घेऊन लगबगीने बाहेर व्हरांड्यात गेले. आत बसून मला त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे, उन्हात, जाणारा माणूस. त्यांनी हात वर केला. हाक मारण्याआधी एक क्षण अडखळले. आपल्या गावच्या माणसाला काय म्हणून हाक मारायची, भाऊ, काका, कोणाचा लेक म्हणून, ते सापडत नसावं.

"ओ पाहुणे!" त्यांनी हाक मारली. "ओ पाहुणे, तुमचा कागद राहिला."

तो माणूस फाटकाजवळ थांबला. पण बराच वेळ त्याने मागे वळून पाहिलं नाही. बाबूजी पायरीवर उभेच होते, हात लांब करून, कागद धरून, कोणाही अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं हसत.